ओटिस रेडिंगचा 'सोल बॅलड्स' (१९६५) : कुणी सलग ऐकलाय का?

आठ आणे :

ओटिस रेडिंग या अमेरिकन सोल गायकाचं नाव काढलं की लोक धक्क्यावर बसून लाटा बघणाऱ्या त्या 'डॉक ऑफ द बे' गाण्याकडे जातात, ज्याच्या शेवटी तो शीळ घालतो. गाणं उत्तमच आहे. पण ते त्याच्या अगदी अखेरच्या दिवसांतलं आणि त्याच्या बाकीच्या गाण्यांच्या मानानं फारच निवांत. १० डिसेंबर १९६७ ला विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनजवळ मोनोना तळ्यात त्याचं विमान कोसळलं, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. गाणं पुढच्या जानेवारीत आलं आणि पहिल्या नंबरावर गेलं. हयातीत पॉपच्या यादीत त्याला पहिला नंबर कधीच मिळाला नव्हता.

मला बोलायचंय ते त्याच्या दुसऱ्या अल्बमबद्दल. नाव ऐसपैस आहे : 'द ग्रेट ओटिस रेडिंग सिंग्ज सोल बॅलड्स'. मार्च १९६५, लेबल व्होल्ट. नावामागे 'ग्रेट' लागलं तेव्हा गृहस्थ २३ वर्षांचे! बारा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाहून थोडी जास्त. त्यातली काही १९६४ मध्ये सिंगल म्हणून आधीच येऊन गेलेली ('कम टू मी', 'चेन्ड अँड बाउंड', वर्षअखेरीला 'मिस्टर पिटिफुल'). उरलेल्यांतली बरीच दुसऱ्यांची : सॅम कुक, जॅकी विल्सन, चक विलिस, जेरी बटलर, सॉलोमन बर्क यांनी आधी गायलेली. त्या काळचा नेहमीचा मामला. सिंगल चालली की सोबत चार माहितीतली गाणी घालायची आणि एलपी बाजारात आणायची. म्हणून त्याच्या पुढच्या अल्बमचे, 'ओटिस ब्लू'चे, भक्त याला भरताड समजतात. मला ते अजिबात मान्य नाही, म्हणून हा धागा.

आता जरा रेकॉर्डिंगबद्दल, कारण सगळी मजा तिथे आहे. मेंफिसमध्ये ईस्ट मॅक्लेमोर अव्हेन्यूवर कॅपिटल नावाचं एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर होतं. जिम स्ट्यूअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्सटन यांनी ते भाड्यानं घेतलं आणि तिथे स्टॅक्स स्टुडिओ थाटला (दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरं, झालं स्टॅक्स). खुर्च्या काढल्या, पण थिएटरची उतरती जमीन तशीच ठेवली. पडद्याच्या जागी, स्टेजवर, कंट्रोल रूम. खाऊच्या काउंटरच्या जागी एस्टेलबाईंचं रेकॉर्डचं दुकान. शेजारपाजारची पोरं तिथे येत, नवीन गाणं ऐकून पायानं ठेका धरतायत की नाही यावर बाईंचं लक्ष असे. गाणं पोरांना आवडलं नाही तर आत जाऊन तोंडावर सांगायच्या.

वाजवणारे घरचेच : गिटारवर स्टीव क्रॉपर, बासवर डक डन, ड्रमवर अल जॅक्सन, की-बोर्डवर बुकर टी. जोन्स. बुकर तेव्हा इंडियाना विद्यापीठात शिकत होता, त्यामुळे तो नसला की आयझॅक हेज बसायचा. आणि ब्रास : एक ट्रंपेट, एक-दोन सॅक्सोफोन. बस. व्हायोलिनं नाहीत, कोरस गाणाऱ्या बायका नाहीत. त्या काळातली अमेरिकन प्रेमगीतं ऐका, मागे व्हायोलिनांचा ताफा असतोच. सूर कमी पडला तरी व्हायोलिनं सांभाळून घेतात. ओटिसला सांभाळणारं कुणी नाही. तो ओळ म्हणतो, ब्रास तिला उत्तर देतं, पुन्हा तो. आणि ही उत्तरंही त्याचीच. नोटेशन लिहिणं वगैरे भानगड नव्हती. तो ट्रंपेटवाल्या वेन जॅक्सनपाशी आणि सॅक्सवाल्यांपाशी जाऊन प्रत्येकाला त्याचा तुकडा तोंडानं गाऊन दाखवायचा आणि त्यांनी तो तसाच्या तसा उचलायचा. म्हणून या गाण्यांत ब्रास साथीला वाटतच नाही, ओटिसच आणखी दोन-तीन गळ्यांनी गातोय असं वाटतं.

आणि माझा मुख्य मुद्दा. या अल्बमला लोक हळवा म्हणतात. मला तो हळवा वाटत नाही, हट्टी वाटतो. बाकीचे गायक प्रेयसीला गोंजारतात नाही तर तिच्या नावानं उसासे टाकतात. हा माणूस दारात उभा आहे आणि हो म्हणेपर्यंत हलणार नाही. पहिलंच गाणं घ्या, 'दॅट्स हाउ स्ट्राँग माय लव इज'. शब्द बघायला गेलं तर बाळबोध, मी सूर्य असतो तर, मी चंद्र असतो तर, या छापाचे. पण ओटिस त्यातला एकही शब्द नुसता सोडून देत नाही. प्रत्येकाला पकडतो, ओढतो, शेवटी घसा खरवडला तरी पर्वा नाही.

ऐकलेल्यांनी लिहा. न ऐकलेल्यांनी आधी ऐका.

निमिषा_क :

वाचनखूण साठवली. रात्री निवांत ऐकून मग लिहिते.

खमाज :

झकास विषय. 'साथीला वाटतच नाही' हे निरीक्षण आवडलं.

लयीबद्दल थोडं माझ्याकडून. यातली संथ गाणी बहुतेक बारा-आठच्या घरातली आहेत. म्हणजे चार मोठे ठोके आणि प्रत्येकाचे तीन तुकडे. आपल्या कानाला लगेच दादरा आठवतो. पण अल जॅक्सनची स्नेअर (कडक आवाजाचा तो ड्रम) कुठे पडते ते ऐका. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. समेवर वजन टाकायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. वजन मागे आहे, आणि गायक त्याच्याही किंचित मागे रेंगाळतो. त्यामुळे लय संथ असूनही गाणं सैल होत नाही.

दुसरं म्हणजे एकाच शब्दाशी तो जे खेळतो ते. ओळ संपत आली की तीच दोन अक्षरं पुन्हा, पुन्हा, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी ठोकत. ठुमरीतल्या बोलबनावाची आठवण झाली.

तिरकस :

झालं, आली ठुमरी! कुठलाही गायक असो, तिसऱ्या प्रतिसादात ठुमरी नाही तर गझल यायलाच हवी. बेगम अख्तरही येतील थोड्या वेळात.

आठ आणे साहेब, धागा छान लिहिलाय, पण अल्बम नाही हो झेपत. मी मध्यंतरी लावून बघितला. सहाव्या गाण्यापर्यंत पोचलो तेव्हा वाटलं, अरे बाबा, ती नाही येणार, जा आता घरी. तोच वेग, तेच तीन-तीनचे तुकडे, तीच विनवणी. 'ओटिस ब्लू'मध्ये कसं, 'रिस्पेक्ट' आहे, 'शेक' आहे, मध्येच रोलिंग स्टोन्सचं गाणं आहे. जेवणात चार चवी लागतात.

खमाज :

तिरकस, बोलबनाव म्हणजे शब्दाचा अर्थ सुरांतून उलगडत नेणं. ओटिस ते करतो की नाही ते सांगा, बेगम अख्तरांचं मी बघतो. :)

फरक एवढाच की ठुमरीत तो उलगडा नजाकतीनं होतो आणि इथे चर्चमधल्या प्रवचनासारखा. ती शिकवणूक सरळ गॉस्पेलमधून, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांतून, आलीय. १९६२ मध्ये तो पहिल्यांदा स्टॅक्सला गेला तो गायक म्हणून नव्हेच. जॉनी जेंकिन्स नावाच्या गिटारवाल्याचं रेकॉर्डिंग होतं आणि ओटिस त्याची गाडी चालवत आला होता. जेंकिन्सचं काम काही जमेना. दिवस संपत आला, मंडळी आवराआवर करायला लागली, तेव्हा ओटिसला एक गाणं म्हणू दिलं. बुकर टी. निघून गेला होता म्हणून पियानोवर क्रॉपरच बसला. ओटिसनं त्याला सांगितलं, चर्चमध्ये वाजवतात तसे कॉर्ड दे. ते तीन-तीनचे तुकडे तिथून सुरू झाले. ते गाणं म्हणजे 'दीज आर्म्स ऑफ माइन'. 'सोल बॅलड्स'मधलं अर्धं घर त्याच पायावर उभं आहे.

पीचट्री :

मी अटलांटात असतो. ओटिसचा जन्म जॉर्जियातल्या डॉसनचा, पण वाढला मेकनमध्ये. अटलांटाहून दक्षिणेला दीडेक तासाच्या अंतरावर. तिथे त्याचा पुतळा आहे. मेकन हे विलक्षण गाव. लिटल रिचर्ड तिथलाच, आणि जेम्स ब्राउनची सुरुवातही तिथलीच. ओटिसची सुरुवातीची गाणी ऐकली तर निम्मा लिटल रिचर्ड आणि निम्मा सॅम कुक. 'सोल बॅलड्स'मध्ये हे मिश्रण जिरलंय असं मला वाटतं.

मेंफिसचं स्टॅक्स संग्रहालयही पाहिलंय. मूळ थिएटर १९८९ मध्ये पाडलं. नंतर त्याच जागी, तशाच दर्शनी भागाची इमारत उभारून २००३ मध्ये संग्रहालय सुरू केलं. आत स्टुडिओ पुन्हा उभा केलाय, उतरत्या जमिनीसकट. चालताना पाय आपोआप पुढे जातात. पण मला जास्त भिडलं ते सुरुवातीलाच ठेवलेलं लाकडी चर्च. मिसिसिपीतल्या एका खेड्यातलं शंभर वर्षांपूर्वीचं छोटं चर्च सुटं करून आणून तिथे परत जोडलंय. साधे बाक, साध्या फळ्या. खमाज यांनी गॉस्पेलचं लिहिलंय ना, संग्रहालयवाल्यांनी ते न बोलताच सांगितलंय : आधी या दारातून जा, मग पुढे या. (आयझॅक हेजची सोन्यानं मढवलेली कॅडिलॅकही आहे, गोल फिरत असते. साधेपणाची भरपाई तिथे होते.)

तिरकस :

पीचट्री, कॅडिलॅकचा फोटो टाका. त्यासाठी मी धाग्यावर थांबतो.

कुंदाताई सोलापूरकर :

नमस्कार मंडळी. मी साठी ओलांडलेली बाई, इंग्रजी गाणी मुलानं लावून दिली तर ऐकते. आठ आणे यांचा लेख वाचून हा अल्बम ऐकला. आवाज फार आवडला. पण 'हो म्हणेपर्यंत दारातून हलणार नाही' हे वाचून मला जरा हसू आलं आणि जरा रागही. त्या दाराच्या आत जी उभी आहे तिला काय वाटतंय, हे बारा गाण्यांत एकदाही कळत नाही. तुम्हा पुरुषांना हट्ट म्हणजे प्रेम वाटतं.

आठ आणे :

कुंदाताई, प्रतिसाद वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. मुद्दा बिनतोड आहे. याला उत्तर ओटिसकडे नाही, अरेथा फ्रँकलिनकडे आहे. 'रिस्पेक्ट' हे मुळात ओटिसचंच गाणं, १९६५ चं. दमून घरी आलेल्या पुरुषाचं मागणं. १९६७ मध्ये अरेथानं तेच गाणं बाईच्या तोंडून म्हटलं, त्यात हिज्जे करून मागणारा तो प्रसिद्ध भाग घातला, आणि ओटिसचं गाणं कायमचं तिचं झालं. त्याच वर्षी माँटेरीच्या महोत्सवात ओटिस स्वतःच स्टेजवरून थट्टेनं म्हणाला होता की हे गाणं एका मुलीनं माझ्याकडून पळवलं. दारामागचा आवाज तो. दोन्ही पाठोपाठ ऐकून बघा.

तरी हट्टाबद्दल एक म्हणेन. या गाण्यांत तो कधी धमकावत नाही, हक्क सांगत नाही. त्याचा सगळा हट्ट स्वतःच्या खर्चानं आहे.

कुंदाताई सोलापूरकर :

स्वतःच्या खर्चानं, हे बरं आहे. अरेथाबाई ऐकते.

टेपरेकॉर्डर :

'मिस्टर पिटिफुल'चा किस्सा कुणी कसा सांगितला नाही? मेंफिसमध्ये डब्ल्यूडीआयए नावाचं रेडिओ स्टेशन होतं. सगळे कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी करणारं अमेरिकेतलं पहिलं स्टेशन. तिथला एक निवेदक, मूहा विल्यम्स, ओटिसची रडवेली गाणी लावताना त्याला गमतीनं 'मिस्टर पिटिफुल' म्हणू लागला. क्रॉपरच्या कानावर ते आलं. त्याला वाटलं, यावर गाणंच का करू नये? ओटिसला घेऊन गाडीतून स्टुडिओत येता येता दोघांनी ते रचलं. आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूज, कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत) यादीत दहाव्या नंबरापर्यंत गेलं.

आणि गंमत म्हणजे 'लोक मला केविलवाणा म्हणतात' असं सांगणारं हे गाणं अल्बममधलं सर्वांत उड्या मारणारं आहे! सुरुवातीलाच ब्रासचा दणका. तिरकस यांच्या तक्रारीला ओटिसनं १९६४ मध्येच उत्तर देऊन ठेवलंय.

तिरकस :

ते गाणं आवडतं मला. पण बाराव्या क्रमांकावर टाकलंय. म्हणजे अकरा वेळा विनवण्या ऐकल्यावर मग सरबत.

निमिषा_क :

ऐकलं. दोनदा. आता लिहिते.

मला सॅम कुकचं गाणं, 'नथिंग कॅन चेंज धिस लव', सर्वांत लागलं. मूळ १९६२ चं गाणं माझ्या फार आवडीचं. कुकच्या गळ्यात ते इतकं सहज येतं की प्रेम ही सोपी गोष्ट वाटायला लागते. कुठे खाच नाही, श्वास घेतलेला कळत नाही. ओटिस तेच गाणं घेतो आणि त्याला ते सोपं जातच नाही. वरचा सूर लागतो, पण कष्टानं लागतो, आणि ते कष्ट तो लपवत नाही. आधी वाटलं, कुकच्या पुढे हे ओबडधोबड आहे. दुसऱ्यांदा ऐकताना तारखा आठवल्या. सॅम कुक ११ डिसेंबर १९६४ ला लॉस एंजेलिसमधल्या एका मोटेलात गोळी लागून गेला, वय ३३. हा अल्बम त्यानंतर तीन महिन्यांत बाजारात आला. ऐकणाऱ्यांनी ते गाणं कसं ऐकलं असेल! पुढे 'ओटिस ब्लू'मध्ये त्यानं कुकची तीन गाणी घेतली.

आणि ओटिस स्वतः गेला तो कुकच्या तिसऱ्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी. त्यात अर्थ शोधू नये हे कळतं, तरी मन तिथे अडतंच.

पीचट्री :

निमिषा, सुंदर लिहिलंत.

त्या मार्च महिन्याबद्दल आणखी एक. ७ मार्च १९६५ ला अलाबामात सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्याच महिन्यात हा अल्बम आला. स्टॅक्समध्ये क्रॉपर आणि डन गोरे, बुकर आणि जॅक्सन काळे. आत एकत्र वाजवायचे, पण बाहेर मेंफिसमध्ये एकत्र जेवायला बसतील अशा जागा मोजक्याच. त्यातली एक म्हणजे लॉरेन मोटेल. कलाकार तिथे उतरत, गप्पा मारत, गाणी रचत. क्रॉपर आणि एडी फ्लॉइडनं 'नॉक ऑन वुड' तिथेच लिहिलं. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली ती त्याच मोटेलच्या सज्जात. प्रेमगीतांच्या धाग्यात हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण ही गाणी वाजवताना ती माणसं एकमेकांकडे किती कान देऊन ऐकतायत हे एकदा जाणवलं की बाहेरचं शहर आठवतंच.

दुपारची झोप :

मस्त धागा. एक व्यावहारिक प्रश्न : एलपी घ्यावी का? मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ओटिसची दुसरी एक एलपी मागवली, ती वाकडी निघाली. सुई जहाजासारखी वरखाली. परत घेईनात. त्यामुळे धसका घेतलाय.

टेपरेकॉर्डर :

वाकडी तबकडी पावसाळ्याआधी-नंतर पार्सलात तापून येते हो, नशिबाचा भाग. शक्य असेल तर हातात घेऊन, उजेडात तिरकी धरून बघूनच घ्या. आणि मोनो मिळाली तर मोनोच घ्या. सगळे एका खोलीत, एकाच वेळी वाजवत होते. त्या आवाजाला डावं-उजवं करण्याची गरज नाही. एलपी नाही मिळाली तर बरे हेडफोन लावून फोनवर ऐका, बिघडत नाही काही.

खमाज :

पहिल्या गाण्याकडे परत येतो. 'दॅट्स हाउ स्ट्राँग माय लव इज' हे रूझवेल्ट जेमिसनचं. मेंफिसमधल्या रक्तपेढीत काम करणारा माणूस, गाणी लिहायचा आणि गायकांना पुढे आणायची धडपड करायचा. ते आधी १९६४ मध्ये ओ. व्ही. राइटनं गोल्डवॅक्स लेबलसाठी गायलं. मग ओटिसनं, आणि १९६५ मध्येच रोलिंग स्टोन्सनीही. माझं मत : राइटचं गाणं ओटिसपेक्षा सरस आहे. राइट आवाज चढवतच नाही, आणि तरी जास्त दुखतं. आठ आणे, यावर काय म्हणणं?

आठ आणे :

खमाज, ही ठिणगी मुद्दाम टाकलीत!

राइटचं गाणं थोर आहे, मान्य. तो मुळात गॉस्पेल गाणारा, त्यामुळे ते प्रार्थनेसारखं म्हणतो, जणू उत्तर मिळणार याची त्याला खात्री आहे. ओटिसला ती खात्री नाही. म्हणून तो शब्दांवर शब्द रचत जातो, आणि शेवटी ध्वनी मंदावत जातो तरी त्याचं म्हणणं संपलेलं नसतं. गाणी अडीच-तीन मिनिटांची होती म्हणून, नाही तर हा माणूस पहाटेपर्यंत थांबला नसता. मला ओटिसचंच जास्त पटतं, पण राइट ऐकल्याशिवाय कुणी त्याच्यावर फुली मारू नका.

तिरकस, तुमच्यासाठी क्रम बदलून देतो. आधी 'मिस्टर पिटिफुल', मग 'होम इन युअर हार्ट' (तेही पळतं), मग निमिषानं लिहिलेलं कुकचं गाणं, मग 'चेन्ड अँड बाउंड', आणि शेवटी पहिलं. उरलेली सात नंतर कधीतरी.

तिरकस :

पाच ऐकली. 'चेन्ड अँड बाउंड' पुन्हा लावलं. उरलेल्या सातांबद्दल काही कबूल केलेलं नाही.

कॅडिलॅकचा फोटो अजून आलेला नाही, पीचट्री.

खमाज :

ओ. व्ही. राइटवर वेगळा धागा काढतो. गोल्डवॅक्सकडून त्याला ह्यूस्टनच्या डॉन रोबीनं कराराचा कागद दाखवून कसं ओढून नेलं आणि पुढे विली मिचेलच्या स्टुडिओत त्यानं काय काय गायलं, ते तिथे लिहीन. आठ आणे, भांडायला या.